रंगमंचावर न चढलेलं नाटक

१९३७ च्या जून महिन्यात अमेरिकन सरकारनं न्यूयॉर्कमध्ये एका नटाच्या केसांचा टोप जप्त केला. नटाचं नाव हॉवर्ड डा सिल्वा. टोप सरकारी पैशातून घेतलेला, म्हणजे सरकारी मालमत्ता; आणि मॅक्सिन एलियट थिएटरमधली कुठलीही सरकारी वस्तू बाहेर जाता कामा नये, असा हुकूम होता. नेपथ्य, पोशाख, वाद्यवृंदाच्या स्वरलिपीची बाडं, सगळं आत राहिलं. दाराला कुलूप लागलं आणि बाहेर गणवेशातले पहारेकरी उभे राहिले. संगीत संचालक लेहमन एंगल यानं मात्र एक युक्ती केली. ऐन उन्हाळ्यात अंगावर ओव्हरकोट चढवून तो पहारेकऱ्यांच्या देखत बाहेर पडला. कोटाच्या आत अख्ख्या नाटकाची स्वरलिपी होती.

नाटक होतं 'द क्रेडल विल रॉक'. अमेरिकेच्या संगीत रंगभूमीवर या नाटकाच्या एका रात्रीइतकी वारंवार सांगितली गेलेली दुसरी रात्र क्वचितच असेल. सांगणारे ती एकाच चालीत सांगतात: इकडे निर्भीड कलावंत, तिकडे घाबरलेलं सरकार. गोष्ट खोटी नाही. पण जवळ जाऊन पाहिलं की दोन्ही बाजूंची सरमिसळ होऊ लागते. टोप जप्त करणारं सरकार मालकांचं नव्हतं. कामगारांच्या मतांवर प्रचंड बहुमतानं निवडून आलेलं, कामगारांना संघटनेचा हक्क कायद्यानं देणारं रूझवेल्टचं सरकार होतं. रंगमंचावर पाय ठेवू नका, असं नटांना बजावणारी त्यांची स्वतःची युनियन होती. देश दुभंगलेला होता यात शंका नाही. पण नाटकानं मालक आणि मजूर यांच्यामध्ये जी रेघ ओढली होती, ती त्या रात्री कुठंच सापडत नाही.

आधी सरकार नाटकाच्या धंद्यात शिरलं कसं, ते सांगायला हवं. १९२९ च्या मंदीनं कारखान्यांबरोबर नाटक कंपन्याही बसवल्या. त्यातच बोलपट आलेला. गावोगावची थिएटरं सिनेमाची झाली आणि हजारो नट, वादक, सुतार, शिंपी रस्त्यावर आले. रूझवेल्टचा विश्वासू सहकारी हॅरी हॉपकिन्स तेव्हा 'डब्ल्यूपीए' हे बेकारांना काम देणारं अवाढव्य सरकारी खातं चालवत होता. नटालाही भूक लागते, एवढाच त्याचा साधा युक्तिवाद. १९३५ मध्ये त्यानं फेडरल थिएटर प्रोजेक्ट उभं केलं आणि त्याच्या प्रमुखपदी हॅली फ्लॅनगन हिला बोलावलं. ती व्हासार कॉलेजात नाट्यशिक्षण देत होती. हॉपकिन्स आणि ती आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे विद्यार्थी. आपल्याला समजेल अशा शब्दांत सांगायचं तर ही नटांची रोजगार हमी योजना होती. न्यूयॉर्कमधल्या नटाला आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट मिळत. भर असताना बाराएक हजार माणसं या योजनेच्या पगारपत्रकावर होती.

पण फ्लॅनगनला केवळ पोटं भरायची नव्हती. २७ ऑक्टोबर १९३६ ला, निवडणुकीला आठवडा उरला असताना, सिंक्लेअर लुइसच्या कादंबरीवरचं 'इट कान्ट हॅपन हिअर' हे नाटक तिनं देशातल्या १८ शहरांत एकाच रात्री उघडलं. विषय: अमेरिकेत हुकूमशाही येते. 'लिव्हिंग न्यूजपेपर' नावाचा एक प्रकार तिच्या खात्यानं लोकप्रिय केला. त्यात शेतीचे भाव, घरांची टंचाई असे वर्तमानपत्री विषय आकडेवारीसकट रंगमंचावर येत. सरकारच्या पैशानं सरकारचे दोष दाखवणारं नाटक किती दिवस चालणार, हा प्रश्न पहिल्या वर्षापासूनच हवेत होता. १९३६ च्या सुरुवातीला इथिओपियावरच्या युद्धाचं नाटक वॉशिंग्टननं थांबवलं, तेव्हा न्यूयॉर्क विभागाचा प्रमुख एल्मर राइस राजीनामा देऊन गेला होता. म्हणजे १९३७ चा जून अगदीच अनपेक्षित नव्हता.

या खात्याचं ८९१ क्रमांकाचं पथक दोन माणसांच्या हातात होतं. जॉन हाऊसमन हा रुमानियात जन्मलेला, आधी धान्याचा व्यापार केलेला, पस्तिशीच्या आसपासचा शिस्तीचा माणूस. आणि ऑर्सन वेल्स. वय वर्षं २२. या दोघांनी आदल्या वर्षी हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटांना घेऊन 'मॅकबेथ' केला होता, आणि १९३७ च्या जानेवारीत मार्लोचं 'डॉक्टर फॉस्टस'. मार्लोचं नाव लक्षात असू द्या, पुढं ते अमेरिकन संसदेच्या दफ्तरात जाणार आहे.

त्यांच्याकडे मार्क ब्लिट्झस्टाइन आपलं संगीत नाटक घेऊन आला. फिलाडेल्फियाच्या बँकवाल्याच्या घरातला मुलगा. पॅरिसमध्ये नादिया बूलांजे आणि बर्लिनमध्ये शोनबर्ग यांच्यापाशी शिकलेला. म्हणजे ज्या वर्गाची तो नाटकात सालं काढतो त्याच वर्गातला. त्यानं वेश्येवरचं एक गाणं केलं होतं, ते बर्टोल्ट ब्रेख्टला वाजवून दाखवलं. ब्रेख्टनं त्याला सुचवलं की देह विकणारीवरच थांबू नकोस. वर्तमानपत्र, धर्मपीठ, विद्यापीठ, कला, हे सगळे काय विकतात ते दाखव. १९३६ च्या मे महिन्यात ब्लिट्झस्टाइनची पत्नी एव्हा गेली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत, झपाटल्यासारखं, त्यानं हे नाटक लिहून काढलं. संहिता त्याची, गाणी त्याची, संगीतही त्याचंच. अर्पण ब्रेख्टला.

स्टीलटाऊन नावाचं गाव. गावाचा मालक मिस्टर मिस्टर. पोलाद कारखान्यात युनियन येऊ घातलीय, आणि मिस्टर मिस्टरनं तिला रोखण्यासाठी गावातल्या प्रतिष्ठितांची एक 'लिबर्टी कमिटी' बनवली आहे. एका रात्री अडाणी पोलीस शिपाई कमिटीवाल्यांनाच युनियनवाले समजून पकडतो आणि रात्रीच्या कोर्टात आणून बसवतो. शेजारी मॉल नावाची वेश्या. तिच्यासमोर एकेकाचा इतिहास उलगडत जातो: धर्मगुरू रेव्हरंड सॅल्व्हेशन, संपादक एडिटर डेली, प्राचार्य प्रेक्सी, डॉक्टर स्पेशालिस्ट, शिवाय एक चित्रकार आणि एक व्हायोलिनवादक. प्रत्येकानं काहीतरी विकलेलं. शेवटी युनियनचा पुढारी लॅरी फोरमन येतो आणि बाहेर कामगारांचे ढोल वाजू लागतात.

नावांवरूनच कळतं की ही माणसं नव्हेत, पाट्या आहेत. नाटक म्हणून माझं त्याच्याशी फारसं जमत नाही. मिस्टर मिस्टर इतका ठरीव खलनायक आहे की त्याची भीती वाटत नाही, आणि लॅरी फोरमन इतका बरोबर आहे की त्याची काळजी वाटत नाही. पण एक गोष्ट खरी धारदार आहे. ब्लिट्झस्टाइनचा सगळ्यात विखारी राग मालकावर नाहीच. तो आहे कलावंतांवर, प्राध्यापकांवर, डॉक्टरांवर, म्हणजे त्याच्यासारख्यांवर. श्रीमंत बाईच्या पुढेपुढे करत कलेसाठी कला म्हणणारे ते चित्रकार आणि वादक जेव्हा गातात, तेव्हा संगीत एकदम जिवंत होतं. बाकी ठिकाणी नाटककार हिशेब मांडतो. इथं तो चिडलेला आहे.

नाटक लिहिलं तेव्हा पोलादातला संघर्ष बऱ्यापैकी कल्पनेतला होता. बसवेपर्यंत तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस मिशिगनमधल्या फ्लिंट गावात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि ४४ दिवसांनी जिंकून उठले. २ मार्च १९३७ ला युनायटेड स्टेट्स स्टील या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीनं संप न होताच युनियनशी करार केला. पण 'लिटल स्टील' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याहून लहान कंपन्या हटून बसल्या. मे महिन्याच्या अखेरीस तिथं संप सुरू झाला, आणि ३० मे रोजी शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या कारखान्यासमोर पोलिसांनी संपकऱ्यांच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. दोन आठवड्यांनी, पोलाद कामगारांचा विजय गाणारं नाटक सरकारी खर्चानं ब्रॉडवेजवळ उघडायचं होतं.

रूझवेल्टच्या गोटातली अस्वस्थता समजून घ्यायला हवी. १९३६ च्या नोव्हेंबरात त्यानं ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली होती. खाणकामगारांचा पुढारी जॉन लुइस यानं युनियनच्या तिजोरीतून त्या निवडणुकीत जवळपास पाच लाख डॉलर ओतले होते. पण १९३७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश वाढवण्याची योजना आणून रूझवेल्टनं स्वतःच्याच पक्षात फूट पाडली. दक्षिणेकडचे डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या बाजूला सरकू लागले. खर्च कमी करा, बेकारांची सरबराई बंद करा, ही ओरड वाढली. त्या जूनच्या अखेरीस पत्रकारांनी पोलाद संपाबद्दल विचारलं, तेव्हा रूझवेल्टनं शेक्सपियरमधल्या शापाचा आधार घेतला: दोन्ही घराण्यांचा सत्यानाश होवो, असं लोकांना वाटतंय. ज्यानं लाखो डॉलर दिले होते त्या लुइसनं हे वाक्य पुढं कधी माफ केलं नाही.

तर १० जूनच्या सुमाराला कपातीचा हुकूम आला. न्यूयॉर्कच्या नाट्य विभागातली जवळपास ३० टक्के माणसं कमी करायची. पाठोपाठ १२ जूनला दुसरा: खात्याची फेररचना होत असल्यानं १ जुलैपूर्वी कुठलंही नवं नाटक, संगीताचा कार्यक्रम किंवा चित्रप्रदर्शन उघडायचं नाही. हुकूम साऱ्या देशाला होता. 'क्रेडल'चं नाव त्यात कुठंच नव्हतं. पण तिकिटं विकून झालेलं, तालमी पूर्ण झालेलं आणि चारच दिवसांत उघडणारं नाटक ते होतं. ही वेगळ्या वेषातली सेन्सॉरशिप होती, असं फ्लॅनगननं पुढं आपल्या पुस्तकात लिहिलं. मला तिचं पटतं, पण पुराव्याची बाजू तितकी पक्की नाही हेही मान्य करायला हवं. कपात खरी होती. नाटक अडचणीचं होतं हेही खरं. नोकरशाहीला एका दगडात दोन पक्षी मारायला सही एकच लागते.

१६ जून, बुधवार. दिवसभर वेल्स आणि हाऊसमन थिएटरच्या तळघरातल्या प्रसाधनगृहात बसून फोन फिरवत होते. तीच त्यांची कचेरी झाली होती. दुसरं थिएटर शोधायचं होतं, पण त्याहून मोठा पेच युनियनांचा होता. नटांची संघटना 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' म्हणाली: तालमी सरकारच्या पगारावर झाल्यात, तेव्हा दुसऱ्या निर्मात्यासाठी या नटांना परवानगीशिवाय रंगमंचावर उभं राहता येणार नाही. वादकांची संघटना म्हणाली: दुसऱ्या थिएटरात वाजवायचं तर ब्रॉडवेचा पूर्ण दर द्या आणि वादकही पूर्ण संख्येनं घ्या. पैसा कुणाकडेच नव्हता. कामगार संघटनेचा जयजयकार करणारं नाटक, आणि ते दोन कामगार संघटनांच्या नियमात अडकलेलं. ब्लिट्झस्टाइनला हा विनोद सुचला असता तर त्यानं तो नाटकात घातला नसता.

हाऊसमनला कायद्यातली फट दिसली. नटांना रंगमंचावर जायला बंदी आहे ना? मग त्यांनी प्रेक्षकांत बसावं. तिकीट काढलेला नागरिक आपल्या खुर्चीतून उठून काही बोलला, गायला, तर त्याला कोण अडवणार? पियानोवर ब्लिट्झस्टाइन स्वतः बसेल. अर्थात सरकारी पगारावर जगणाऱ्या कुठल्याही नटानं हा धोका पत्करावा, असा आग्रह कुणी धरला नाही. ब्लिट्झस्टाइननं मनाची तयारी केली होती की सगळ्यांची कामं आपल्यालाच करावी लागतील.

जीन रोझेंथल ही पुढं प्रकाशयोजनेत मोठं नाव झालेली तरुणी तेव्हा पथकात मदतनीस होती. तिनं दहा डॉलरला एक जुना पियानो मिळवला, ट्रकवर चढवला, आणि कुठं जायचं हेच ठरलेलं नसल्यानं ट्रक शहरातून फिरत ठेवला. संध्याकाळ झाली. मॅक्सिन एलियटसमोर गर्दी जमली. कुलूपबंद दारासमोर विल गीर आणि इतर नट लोकांना गाऊन, बोलून धरून ठेवत होते. आणि तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, थिएटरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एका दलालाकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. हाऊसमननं आठवणींत लिहिलंय की तो बिचारा केव्हापासून व्हेनिस थिएटरचं नाव सुचवत होता, कुणी ऐकतच नव्हतं. भाडं शंभर डॉलर. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर, तिथून वीसेक गल्ल्या उत्तरेला.

लोक निघाले. कुणी पायी, कुणी टॅक्सीनं, कुणी भुयारी रेल्वेनं. वाटेत भेटलेल्यांनाही सोबत घेत गेले. व्हेनिस थिएटर मॅक्सिन एलियटच्या जवळपास दुप्पट मोठं होतं, आणि नऊच्या सुमाराला त्यात जागा उरली नव्हती. वेल्स आणि हाऊसमननं पडद्यापुढं येऊन थोडक्यात भाषणं केली. वेल्सनं नेपथ्य कसं दिसलं असतं ते सांगितलं, कारण दाखवायला काही नव्हतंच. पडदा वर गेला. रिकाम्या रंगमंचावर एक पियानो, आणि कोट काढून बसलेला ब्लिट्झस्टाइन. त्यानं प्रवेशाचं वर्णन केलं आणि मॉलचं पहिलं गाणं स्वतःच म्हणायला लागला.

दोन-चार ओळी झाल्या असतील. प्रेक्षागृहातून एक बारीक, कापरा आवाज त्याच्या आवाजात मिसळला. प्रकाशयोजनाकार एब फेडरनं दिव्याचा झोत फिरवला. बाजूच्या बॉक्समध्ये ऑलिव्ह स्टँटन उभी होती. मॉलची भूमिका करणारी, राजकारणाशी फारसा संबंध नसलेली, त्या २३ डॉलर ८६ सेंटांवर घर चालवणारी मुलगी. ब्लिट्झस्टाइननं आपला आवाज हळूहळू काढून घेतला आणि ती एकटी गाऊ लागली. त्या रात्रीबद्दल लिहिणारा प्रत्येक जण वेल्सपाशी रेंगाळतो. मला वाटतं, ती उठली नसती तर बाकीचे उठले असते की नाही, कुणास ठाऊक.

मग पलीकडून दुसरा नट उठला. मग बाल्कनीतून कुणी. प्रियकर-प्रेयसीचं गाणं थिएटरच्या दोन टोकांवरून, मध्ये शेकडो डोकी ठेवून झालं. प्रेक्षक माना वळवत, उभे राहत, आवाज शोधत होते. जे नट आले नव्हते त्यांच्या भूमिका ब्लिट्झस्टाइननं आणि आलेल्यांनी वाटून घेतल्या. नाटक संपलं तेव्हा कवी आर्चिबाल्ड मॅकलीश बोलायला उभा राहिला, आणि प्रेक्षक आता नुसता पाहणारा राहिलेला नाही, अशा अर्थाचं काही बोलला. ते खरंच होतं, पण त्यात एक गोम होती. त्या रात्रीची बरीच तिकिटं डाव्या विचारांच्या संस्थांनी गठ्ठ्यानं घेतलेली होती. पोलादाचा एकही मालक त्या थिएटरात नव्हता, आणि आपण चुकीच्या बाजूला आहोत की काय अशी शंका घेऊन घरी गेलेला माणूसही बहुधा नसावा. ज्यांना पटलेलंच होतं, त्यांचा तो उत्सव होता. उत्सव म्हणून अप्रतिम.

नाटक त्याच व्हेनिसमध्ये काही दिवस खासगी निर्मिती म्हणून चाललं, नटांनी सरकारी कामावरून रीतसर रजा घेऊन. कायद्याचा पेच सुटल्यावरही त्यांनी नेपथ्य आणलं नाही. पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं तेव्हाही मोकळा रंगमंच, खुर्च्या आणि पियानो एवढंच. अडचणीतून निघालेली तोड हीच शैली ठरली. त्याच १९३८ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. ब्रॉडवेच्या संपूर्ण संगीत नाटकाचं मूळ संचातलं हे पहिलं मुद्रण मानतात. हाऊसमन अमेरिकन नागरिक नसल्यानं नव्या नियमाखाली त्याची सरकारी नोकरी गेली, वेल्सनं राजीनामा दिला, आणि दोघांनी मर्क्युरी थिएटर काढलं. हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

त्या दोन वर्षांत ब्रॉडवेवर राजकारण गाण्यातून इतकं वाहत होतं की 'क्रेडल' हा एक प्रवाह फक्त. शिवणकाम करणाऱ्या कामगारांच्या युनियननं २७ नोव्हेंबर १९३७ ला 'पिन्स अँड नीडल्स' उघडलं. नट कोण? दिवसा कारखान्यात कापणारे, शिवणारे. संगीत आणि गीतं हॅरल्ड रोमची. 'क्रेडल' ओरडतं, हे हसवत होतं. त्यात कामगारांची टिंगल होती, प्रेमात पडलेल्या युनियनवाल्यांची होती, डाव्यांमधल्या भांडणांचीही होती. आणि बातम्या बदलतील तशी गाणी बदलत. त्याचे १,१०८ प्रयोग झाले, एक व्हाइट हाऊसमध्ये रूझवेल्टसमोर. स्टीलटाऊनचे ढोल व्हाइट हाऊसपर्यंत कधी पोचले नाहीत.

आणि दुसऱ्या बाजूनं? १९३८ च्या ऑक्टोबरात आलेलं 'निकरबॉकर हॉलिडे'. त्याचा लेखक मॅक्सवेल अँडरसन रूझवेल्टच्या वाढत्या सत्तेनं अस्वस्थ होता. त्यानं डच काळातल्या न्यूयॉर्कचा लाकडी पायाचा गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट रंगवला, कार्यक्षम आणि लोकप्रिय हुकूमशहा. 'कीचकवधा'तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे आपल्या पणजोबांना कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. तसाच हा स्टायव्हेसंट. गंमत म्हणजे संगीत दिलं होतं कुर्ट वाइलनं. खऱ्या हुकूमशहाच्या तावडीतून, जर्मनीतून, पळून आलेला आणि रूझवेल्टचा चाहता. त्यानं आणि दिग्दर्शक जोशुआ लोगननं अँडरसनला बरंच मवाळ करायला लावलं. नाटक वॉशिंग्टनला गेलं तेव्हा रूझवेल्ट स्वतः पाहायला गेला आणि खळखळून हसला. आपल्या बाजूचं नाटक बंद पाडणारं सरकार आणि विरोधातल्या नाटकाला दाद देणारा अध्यक्ष, दोन्ही एकच.

फेडरल थिएटरच्या मुळावर आला तो हास्यविनोद नव्हे. १९३८ च्या मे महिन्यात संसदेनं 'अन-अमेरिकन' कारवायांची चौकशी करणारी समिती नेमली. अध्यक्ष टेक्ससचा मार्टिन डाइस, रूझवेल्टच्याच पक्षाचा. समितीनं नाझी समर्थकांची थोडी आणि नटांची बरीच चौकशी केली. ६ डिसेंबरला फ्लॅनगन साक्षीला उभी राहिली. अलाबामाच्या जो स्टार्न्सनं, हाही डेमोक्रॅटच, तिच्या एका जुन्या लेखातला मार्लोचा उल्लेख काढला आणि विचारलं: हा मार्लो कोण, तो कम्युनिस्ट आहे का? सभागृहात हशा पिकला. फ्लॅनगन हसली नाही. शेक्सपियरच्या काळातला, त्याच्या जरा आधीचा सर्वांत मोठा नाटककार अशी नोंद घ्यावी, असं तिनं सांगितलं. हा किस्सा पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितला जातो. पण हसणाऱ्यांच्या हातात काय लागलं? सहा महिन्यांनी निधी थांबवला गेला. ३० जून १९३९ ला, बेकारांच्या मदतीच्या मोठ्या विधेयकावर, त्यातलं हे कलम नापसंत असूनही, रूझवेल्टनं सही केली. न केली असती तर लाखो माणसांची कामं गेली असती.

त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये मुलांचं 'पिनोकियो' चालू होतं. दिग्दर्शक याशा फ्रँकनं शेवट बदलला. लाकडी बाहुला माणूस व्हायच्या ऐवजी मेला, कामगारांनी प्रेक्षकांसमोरच नेपथ्य मोडलं, आणि त्याच्या मृत्यूला संसदेचा कायदा कारणीभूत असल्याचं जाहीर करण्यात आलं. चार वर्षांत सुमारे तीन कोटी प्रेक्षकांनी पाहिलेली रंगभूमी एका विधेयकातल्या कलमानं संपली.

खात्याच्या बदनामीसाठी संसदेत जे नाटक हमखास पुढं केलं जाई ते 'सिंग फॉर युअर सपर' नावाचं गाण्यांचं प्रहसन. दीड वर्ष तालमीच चालल्यात, पैसा कुठं जातोय, असा व्हर्जिनियाच्या क्लिफ्टन वुड्रमचा सवाल होता, आणि तो रास्तच होता. १९३९ च्या एप्रिलात ते एकदाचं उघडलं आणि जूनअखेर खात्याबरोबर मेलं. त्याच्या शेवटी एक लांबलचक समूहगीत होतं. शब्द जॉन लाटूशचे, संगीत अर्ल रॉबिन्सनचं. रॉबिन्सन कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य. एक गायक आणि समूह यांचा संवाद: तू कोण, असं समूह विचारत राहतो, आणि गायक सगळे धंदे, सगळे वंश, सगळे धर्म सांगत जातो. ५ नोव्हेंबर १९३९ ला हे गाणं 'बॅलड फॉर अमेरिकन्स' या नावानं पॉल रोबसननं रेडिओवर गायलं आणि ते देशभर झालं.

१९४० हे निवडणुकीचं वर्ष. रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन जूनमध्ये फिलाडेल्फियात भरलं. तिथं हेच गाणं गायलं गेलं. रोबसनच्या जागी रे मिडलटन या गोऱ्या गायकानं गायलं. त्याच वर्षी अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनातही तेच गाणं झालं. उधळपट्टीचा आणि लाल प्रचाराचा नमुना म्हणून ज्या नाटकाला झोडपलं, त्याचं गाणं दोन्ही टोकांना आपलं वाटलं. या विचित्र योगायोगाबद्दल नंतरच्या काळात पुस्तकं भरभरून लिहिली गेली नाहीत, याचं मला नवल वाटतं. ते गाणं 'क्रेडल'मधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा सामान्य आहे. भाबडं आहे. तरी ते दोन्ही टोकांपर्यंत गेलं, आणि 'क्रेडल' नाही.

ब्लिट्झस्टाइन १९३८ मध्ये कम्युनिस्ट पक्षात शिरला, दशकभरानं बाहेर पडला. १९५८ मध्ये 'अन-अमेरिकन' कारवायांच्या त्याच समितीनं बोलावलं तेव्हा स्वतःबद्दल बोलला, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. विल गीर आणि हॉवर्ड डा सिल्वा १९५१ मध्ये साक्षीत असहकार करून काळ्या यादीत गेले. सिनेमात वर्षानुवर्षं काम नाही. डा सिल्वा टिकून राहिला आणि १९६९ मध्ये ब्रॉडवेवर '१७७६' या संगीत नाटकात बेंजामिन फ्रँकलिन म्हणून उभा राहिला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरचं हे नाटक. देशभक्तीचं, म्हणून निक्सनला आवडेल असा कुणाचाही अंदाज. २२ फेब्रुवारी १९७०, जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मदिवस, या दिवशी ते व्हाइट हाऊसमध्ये ठरलं. पण निक्सनच्या माणसांनी आधीच कळवलं की काही गाणी वगळावीत. एका गाण्यात धनिक परंपरावादी प्रतिनिधी ऐटीत नाचत आपली मालमत्ता आणि आपली उजवी दिशा यांचं गुणगान करतात. व्हिएतनाम पेटलेलं असताना ते फार जिव्हारी लागलं असतं. निर्माता स्टुअर्ट ऑस्ट्रोनं नकार दिला आणि प्रयोग पूर्ण झाला.

दोन वर्षांनी चित्रपट निघाला. डा सिल्वा त्यातही होता. निर्माता जॅक वॉर्नर निक्सनचा मित्र. ते गाणं चित्रित झालं, आणि प्रदर्शनापूर्वी कापलं गेलं. निक्सनच्या सांगण्यावरून, असं दिग्दर्शक पीटर हंटनं पुढं सांगितलं. तुकडा मात्र नष्ट झाला नव्हता. पुढं बऱ्याच वर्षांनी तो चित्रपटात परत जोडला गेला.

'१७७६' ज्या थिएटरात उघडलं त्याचं नाव तेव्हा फॉर्टी-सिक्स्थ स्ट्रीट थिएटर. १९९० पासून ते रिचर्ड रॉजर्स थिएटर आहे, आणि २०१५ पासून तिथं 'हॅमिल्टन' चालू आहे. पुन्हा अमेरिकेच्या संस्थापकांवरचं, पण या वेळी गोऱ्या पुढाऱ्यांच्या भूमिकांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नट. १८ नोव्हेंबर २०१६ ला, निवडणुकीला दहा दिवस झालेले असताना, उपाध्यक्षपदी निवडून आलेले माइक पेन्स तिकीट काढून आले. प्रेक्षकांनी हुर्योही केली, टाळ्याही वाजवल्या. शेवटी आरन बरची भूमिका करणाऱ्या ब्रँडन व्हिक्टर डिक्सननं नटसंचाच्या वतीनं एक निवेदन वाचून दाखवलं: आम्हाला काळजी वाटते, आमचंही रक्षण करा. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी नटांनी माफी मागावी अशी मागणी केली, आणि त्यांच्या समर्थकांनी नाटकावर बहिष्काराची हाक दिली. खुद्द पेन्स टीव्हीवर म्हणाले की आपल्याला अपमान वाटला नाही, नाटक फार चांगलं आहे. नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात 'हॅमिल्टन'नं आठ प्रयोगांत सुमारे ३३ लाख डॉलरचा गल्ला जमवला. ब्रॉडवेवर एका आठवड्यात तेवढी कमाई तोवर कुठल्याच नाटकानं केली नव्हती.